आकडा चांगला, मूत्रपिंड थकलेलं

डॉ. वासंतीबाईंची आणि माझी खरी ओळख माझ्या चुकीने झाली. अंबरनाथ पूर्वेच्या त्यांच्या दवाखान्यात मी नुकताच लॅब टेक्निशियन म्हणून लागलो होतो. पालेगावच्या एका आजींच्या रक्तात क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाने गाळून टाकायच्या कचऱ्याचा, आकडा मर्यादेत दिसला, म्हणून मी रिपोर्टवर 'नॉर्मल' लिहून मोकळा झालो. आजी खूश होऊन घरी गेल्या.

संध्याकाळी बाईंनी विचारलं, "वय किती? वजन किती?" मी दोन्ही लिहूनच घेतलं नव्हतं. मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. मूत्रपिंडाच्या पेशीही म्हाताऱ्या होतात. रक्त गाळणाऱ्या बारीक चाळण्या एकेक करून बंद पडतात आणि गेलेल्या परत येत नाहीत. पण म्हातारपणी अंगावरचं मांसही झडतं, त्यामुळे त्यातून बनणारं क्रिएटिनिन मुळात कमी तयार होतं आणि आकडा छान दिसत राहतो.

मला वाटलं, नोकरी गेली. बाईंनी मला रिक्षात बसवलं आणि थेट पालेगाव गाठलं.

"आजी, चूक आमची झाली," त्या म्हणाल्या. "तुमचं मूत्रपिंड थकलंय, आणि दुखण्यावरच्या गोळ्या त्याला आणखी मारतात. त्या बंद करा."

गुडघ्यांसाठी रोज घ्यायच्या गोळ्या आजींनी पुढे केल्या. "बाय, ह्या बंद केल्या त मी चालू कशी?"

बाई अर्धा तास जमिनीवर बसून त्यांची समजूत काढत राहिल्या. गोळ्या सुटल्या, आजी पुढे कितीतरी वर्षं स्वतःच्या पायांनी तपासणीला येत. मला मात्र बाई त्या चुकीबद्दल कधी टोचून बोलल्याचं आठवत नाही.

पुढे डायलिसिसचं कामही त्यांनीच शिकवलं. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतची माणसं आमच्याकडे येतात. प्रत्येकाच्या कागदावर आधी वय आणि वजन, ही शिस्त त्यांचीच.

यंदा बाई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या. मागच्या महिन्यात त्यांचं रक्त मीच काढलं. या वेळी आकडा फसवा नव्हता; तो सरळसरळ वाईट होता. कागद वाचून त्या शांतपणे म्हणाल्या, "डायलिसिस मला नको. आपल्याकडे मशीन थोडी. तिथे कुणाच्या तरी घरचा कर्ता माणूस बसू दे." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडलो, आणि मग मशीनच्या खोलीत जाऊन रडलो.

पंचाहत्तरीच्या अशा गौरवलेखाच्या शेवटी निरोगी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. बाई, 'निरोगी' मी लिहीत नाही. तुम्हीच ते खोडाल. दीर्घायुष्य मात्र देवाकडे नाही, तुमच्याकडे मागतो आहे, कारण नकार तुम्ही दिला आहे. डायलिसिससाठी हातावर करायचं ते छोटं ऑपरेशन याच महिन्यात करून घ्या. पुढे सुई मी स्वतः लावीन. आम्हाला तुम्ही अजून हव्या आहात.