सात नंबरचं मचाण

रविवारची सकाळ. तव्यावर थालीपीठ होतं, भोकांत तेल सोडून झालं होतं, झाकण ठेवणार इतक्यात दारावर थाप पडली. आमच्या दाराला बेल आहे. बेल सोडून थाप मारणारं माणूस बंगालातल्या चंदननगरच्या आमच्या गल्लीत एकच, समोरच्या तरुदी. वीज गेली असली तर बेल कशी वाजणार, हा त्यांचा सवाल. सत्तावीस वर्षं मी तो ऐकतेय.

दार उघडलं तर तरुदींच्या खांद्यावर लांब बांबू, काखेत त्यांच्या नवऱ्याची, अनादिबाबूंची, ती अवाढव्य काळी छत्री. तिच्याखाली तीन माणसं मांडी घालून जेवतील. पांढरी साडी खोचलेली, डोक्याला गमछा.

“शुनंदा, तुझ्या आंब्यावर मुंग्यांचं घर आहे. मला हवंय.”

माझं नाव सुनंदा. पण इथे सगळ्यांनी शुनंदा म्हणून म्हणून आता माहेरी कुणी नीट हाक मारली तर मीच मागे वळून बघते.

“आधी चहा तरी घ्या, तरुदी.”

“चहा कुठे पळतोय? उन्हं चढली की मुंग्या तापतात. चल, छत्री धर. उघडून, उलटी.”

“आणि मुंग्या माझ्या अंगावर पडल्या तर?”

“तर नाच. गल्लीला तेवढीच करमणूक.”

आमच्या वेंगुर्ल्याकडे या तांबड्या मुंग्यांना हुमले म्हणतात. हिरवी पानं एकमेकांना शिवून घर करतात, आणि चावल्या की माणसाला सात पिढ्या आठवतात. मी उलटी छत्री धरून उभी, आणि सदुसष्ट वर्षांच्या तरुदी बांबूच्या टोकाने नारळाएवढं ते घर हळूहळू टोचतायत. मधेच हात थांबला.

“तुझे धणे करपले.”

“काय?”

“थालीपीठ गं. भाजणीतले धणे आधी करपतात, मग बाकीचं.”

मी तशीच छत्री धरून उभी. पाच मिनिटांनी आतून आमच्या ह्यांची हाक आली, “अगं, काहीतरी जळतंय का?”

घर छत्रीत पडलं. तरुदींनी त्यात वाळक्या काटक्या टाकल्या. मुंग्या काटक्यांवर चढल्या की काटकी उचलून लांब फेकायची, खाली अंडी उरतात, साबुदाण्यासारखी पांढरी. मोठ्या तळ्यातल्या कटला माशाला याच्यापेक्षा मोठी मेजवानी नाही. व्हरांड्यात बसून त्या अंडी निवडत होत्या आणि मी मानेवर चुना लावत होते, तेव्हा त्यांच्या उजव्या तर्जनीवर पुन्हा ती खूण दिसली. मधल्या पेराच्या आत आडवी, दोऱ्यासारखी बारीक. दोन वर्षांपूर्वी विचारलं होतं, तर म्हणाल्या होत्या, विळीवर कापलं. विळी बोटाचं टोक कापते, पेर नाही.

“पण आता ही अंडी कशाला, तरुदी? अनादिबाबू तर…”

“ते गेले. मासे गेले का?”

आमच्या गावात सुट्टीचे दोन पंथ आहेत. एक प्रवासाला जाणाऱ्यांचा, दुसरा गळ टाकून बसणाऱ्यांचा. पहिला पंथ दुर्गापूजेच्या सुट्टीत कानटोप्या, स्टोव्ह आणि मुरमुऱ्यांचे डबे घेऊन निघतो आणि हिमालयापुढे उभा राहून विचारतो, इथे ताजी मासळी कुठे मिळेल? हसायला मला तोंड नाही. आम्ही पुरीला गेलो तेव्हा माझ्या पिशवीत मेतकूट होतं. दुसरा पंथ कुठेच जात नाही. कोजागरीच्या लक्ष्मीपूजेनंतरच्या रविवारी मोठं तळं शौकिनांसाठी खुलं होतं. काठाने बांबूची बावीस मचाणं बांधतात. पास घ्यायचा आणि उजाडल्यापासून सूर्य बुडेपर्यंत आपल्या मचाणावर बसून पाण्यावर तरंगणाऱ्या मोरपिसाच्या काडीकडे बघायचं. अनादि घोषाल एकतीस वर्षं सात नंबरवर बसले. शेवटची सहा वर्षं त्यांचा हात थरथरायचा, तेव्हा तरुदी बरोबर जायच्या, चहा द्यायला. दोघं त्या छत्रीखाली. फाल्गुनात अनादिबाबू वारले.

“आज पाचला गळवाल्यांच्या संघाची बैठक आहे,” तरुदी म्हणाल्या. “मचाणं वाटणार. मी सात नंबर मागणार आहे.”

“आणि बाबूनने काढलेलं हरिद्वारचं तिकीट?”

बाबून त्यांचा मुलगा, दिल्लीकडे असतो. आई एकटी पडली म्हणून त्याने तिला एका यात्रा कंपनीबरोबर हरिद्वार-केदारला पाठवायचं ठरवलं होतं. गाडी नेमकी लक्ष्मीपूजेनंतरच्या शनिवारची.

“काल सांगितलं त्याला, रद्द कर म्हणून. म्हणतो, आई, बरोबर आचारी असतो, तुला काही करायचं नाही. म्हटलं, मग मी काय करू? त्याला मीठ कमी आहे म्हणून सांगू?” त्यांनी एक मुंगी चिमटीत धरून फेकली. “पुरीला अकरा वेळा गेले, शुनंदा. समुद्र पाहिला चार वेळा. बाकीच्या वेळी खोलीत स्टोव्हला पंप मारत होते. दार्जिलिंगला सगळे पहाटे सूर्योदय बघायला गेले, मी मागे राहिले. का? परत आल्यावर मैद्याच्या लुच्या तळून लागतात सगळ्यांना. बाबून म्हणतो, या वयात हा कसला छंद? यात्रा कर. म्हटलं, करते. माझी यात्रा दीडशे पावलांवर आहे.”

“रागावला असेल.”

“रागावला. बापासारखाच. अर्धा तास.”

पाच वाजता मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनीच सांगितलं होतं, “तू नुसती बस. दोन बायका असल्या की पुरुष निम्म्या आवाजात बोलतात.”

संघाची खोली म्हणजे तळ्याकाठची पत्र्याची शेड. सात-आठ मंडळी, एक कॅरम, भिंतीवर फोटो. सर्वांत मोठ्या फोटोत अनादिबाबू साडेनऊ किलोचा कटला छातीशी धरून उभे. खाली लिहिलेलं, संघाचा विक्रम. माशाच्या शेपटीला बाजूने आणखी एका हाताने आधार दिलेला, फोटोत मनगटापर्यंतच आलेला. मी चष्मा पुसून जवळ गेले. हातात सवाष्णीची शंखाची पांढरी बांगडी आणि तर्जनीला कापडाची चिंधी गुंडाळलेली.

पेराच्या आत. मासा ओढत पळाला की गळाचा दोरा तिथूनच धावतो; हात तरुदींचा.

मी मागे वळून तरुदींकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

सेक्रेटरी पल्टू सामंत, कोर्टातून निवृत्त झालेला गृहस्थ, लगबगीने उठला. अनादिबाबूंच्या नात्याने तरुदी त्याच्या बौदी, म्हणजे वहिनी. “या, बौदी, या! मी आज तुमच्याकडेच येणार होतो. आम्ही ठरवलंय, या वर्षीपासून अनादिदांच्या नावाने कप. बक्षीस तुमच्या हस्ते. तुमच्यासाठी पंख्याखाली खुर्ची, शाल, मिठाईचा डबा.”

“छान.”

“फक्त एक. दादांच्या चाऱ्याची कृती. त्यांनी जिवंतपणी कुणाला दिली नाही. तुमच्याकडे वहीत कुठे लिहिलेली असेल. संघाला द्या, त्यांची आठवण राहील.”

“देऊ की,” तरुदी म्हणाल्या. “मला सात नंबर द्या.”

“कुणासाठी? भाचा येतोय का?”

“माझ्यासाठी.”

कॅरमची सोंगटी खळ्ळकन भोकात पडली. कुणीतरी हसलं. तरुदी थांबल्या, हसून संपू दिलं.

पल्टू सामंत आवाज मऊ करून म्हणाला, “बौदी, दिवसभर उन्हात बसणं तुम्हाला झेपायचं नाही.”

“सहा वर्षं बसले होते.”

“ते दादांना चहा द्यायला.”

“चहा देणाऱ्याला ऊन लागत नाही का, पल्टू?”

“तसं नाही. पण लोक काय म्हणतील? विधवा बाई गळ टाकून बसलीय. आणि तुम्ही तर आता मासे खातही नाही!”

“तू दरवर्षी दार्जिलिंगला जातोस. डोंगर खातोस का?”

कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीतून खुदकन आवाज आला. गोबिंदो जेठा, म्हणजे थोरले काका, वय पंच्याऐंशी, संघाचे सर्वांत जुने सभासद. सगळे त्यांना झोपलेले समजत होते.

पल्टूचे कान लाल झाले. “नियम आहे, बौदी. मचाण त्यालाच, ज्याने कधी काठी धरलीय. तुम्ही धरलीय का? एक तरी मासा?”

मी उठणारच होते. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवायचं, एवढंच तर होतं. तरुदींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवून दाबला, चांगला जोरात.

“बस,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “तो मासा त्यांचाच राहू दे. मला पुढचा हवाय.”

मग पिशवीतून स्टीलची वाटी काढून त्यांनी टेबलावर ठेवली आणि वरचं केळीचं पान दूर केलं. “घ्या, वास घ्या सगळ्यांनी. एकतीस वर्षं मागताय ना? हा तोच चारा. काय काय आहे ओळखा.”

माणसं लहान मुलांसारखी गोळा झाली. एक म्हणाला, मेथी. दुसरा म्हणाला, मोहरीची पेंड. हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. पल्टूने डोळे मिटून तीनदा हुंगलं आणि म्हणाला, “मध?”

“मध नाही. उसाची मळी, पण दोन दिवस मडक्यात ठेवलेली. मेथी भाजलेली, पण तांबूस व्हायच्या आधी उतरवलेली. लाह्या किंचित करपलेल्या. मुंग्यांची अंडी आज सकाळची. पाऊस झाला असेल तर मळी कमी, ढगाळ असेल तर मेथी जास्त. हे वहीत कसं लिहू? मी नाकाने करते.”

“तुम्ही?” पल्टू म्हणाला. “पण दादा तर सांगायचे…”

“काय सांगायचे?”

पल्टू आठवू लागला. बाकीचेही आठवू लागले.

“काहीच नाही सांगायचे,” तरुदी म्हणाल्या. “नुसते हसायचे. कारण त्यांना वास यायचा नाही. एकोणिसाव्या वर्षी टायफॉइड झाला, त्यात नाक गेलं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात दूध उतू जाऊन जळालं आणि हे शेजारी बसून पेपर वाचत होते. तेव्हा मला कळलं. बाहेर कुणाला सांगू नको म्हणाले, म्हणून नाही सांगितलं. चारा पहिल्या दिवसापासून माझा.”

मला अनादिबाबू आठवत होते. दरवर्षी विजयादशमीला मी नारळाच्या वड्या द्यायची. प्रत्येक वेळी हे सद्गृहस्थ वडी नाकाशी नेऊन म्हणायचे, “अहाहा, काय सुगंध!” त्या माणसापाशी केवढी माया होती आणि केवढी लबाडी.

अचानक गोबिंदो जेठांना हसू फुटलं. हसता हसता ठसका लागला, दोघांनी पाठीवर हात फिरवला.

“अरे, सात नंबर!” ते म्हणाले. “बाजाराचं गटार तिथेच येऊन मिळतं तळ्याला. कुजकी जलपर्णी सगळी तिथेच. तिथे दहा मिनिटं बसलं की माणसाला ओकारी येते. एकतीस वर्षं आपण म्हणतोय, अनादि पक्का, वास सोसतो पण मोक्याची जागा सोडत नाही. आणि त्या गाढवाला पत्ताच नाही वासाचा!”

सगळी शेड हसली. तरुदीही हसल्या, आणि हसताना डोळ्यांच्या कडा पदराने टिपल्या.

“त्यांना नव्हता,” त्या म्हणाल्या. “मला होता. सहा वर्षं मी त्या जागी नाकाला पदर न लावता बसलेय. नाक झाकलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, का गं, घाण येतेय का, चल उठूया. म्हणून नाही झाकलं. आता पल्टू, सांग. तुमच्या बाविसांत अशी कुणाची छाती आहे, जो सात नंबर मागेल? मी तुमचं काही घेत नाहीये. कुणाला नको ते मागतेय. तेही द्यायचं नाही, असं असेल तर मग अडचण वासाची नाही आणि काठीचीही नाही. मग सरळ सांग, बाई आहे म्हणून नाही. मी ऐकून घेईन. घरी जाईन. आणि वाटी बरोबर नेईन.”

त्यांनी केळीचं पान पुन्हा वाटीवर ठेवलं.

पल्टूने गोबिंदो जेठांकडे पाहिलं. जेठा म्हणाले, “माझ्याकडे काय बघतोस? मला तर नाक आहे. मी नाही बसणार तिथे.”

रजिस्टर उघडलं गेलं. पल्टूने पेनाचं टोपण काढलं आणि सवयीने लिहायला घेतलं. “सात नंबर… कै. अनादि घोषाल यांच्या पत्नी…”

“तरुलता,” त्या म्हणाल्या. “तरुलता घोषाल. नुसतं तेवढंच.”

त्याने खोडलं, पुन्हा लिहिलं, रजिस्टर त्यांच्यापुढे सरकवलं. तरुदींनी चष्मा लावून आपलं नाव वाचलं, स्पेलिंग तपासावं तसं, अक्षर अक्षर.

“झालं, बौदी,” पल्टू म्हणाला. तो आता खरंच नरमला होता. “आणखी काही हवं तर सांगा. वर ताडपत्री बांधू? चहाला माणूस ठेवू? काठी जड वाटली तर कुणाला तरी शेजारी…”

“नको. एकच कर.”

“बोला.”

“त्या दिवशी सूर्य बुडेपर्यंत मला कुणी हाक मारू नका.”