ट्रक गेटवर, डेमो टेबलवर

अण्णा पुन्हा उठून बाहेर गेले. मी माउस धरून बसून राहिले.

कागल एमआयडीसीतली ही फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतून सुटे भाग करणारा कारखाना. अण्णा मालक. कारखान्याच्या मालाची नोंद ठेवणारं आमचं सॉफ्टवेअर दाखवायला कॉम्प्युटर शाहूपुरीतल्या ऑफिसातून रिक्षात मांडीवर घेऊन आणला होता. ही ऑर्डर गेली तर आमची कोल्हापूरची शाखा बंद, असं पुण्याच्या मुख्य ऑफिसातून आलेल्या जोशीसरांनी वाटेतच सांगितलं होतं.

"पुढचा मेनू घ्या. क्रम सोडायचा नाही," सर पुटपुटले.

बाहेर अण्णा फोनवर ओरडत होते. आत आले ते घाम पुसतच.

"काय झालं अण्णा?" मी विचारलं.

"गिऱ्हाइकाकडं एका पीसला तडा निघालाय. त्याच हीटचा माल गेटवरच्या ट्रकात हाय का न्हाय, कुणाला ठावं! सगळा ट्रक उतरवू व्हय आता?"

भट्टीतून एकदा वितळवून काढलेला रस म्हणजे एक हीट. तिचा नंबर प्रत्येक पीसवर असतो.

"नंबर सांगा. इथंच शोधू."

सरांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. "यांच्या मालाचं काहीच भरलेलं नाही. अडकलं तर?"

सरांचं खरं होतं. पण अण्णा पुन्हा उठायच्या बेतात होते. मी आमचा नमुना डेटा पुसून टाकला. अण्णांनी बोलावलेले सुपरवायझर ट्रकातल्या कुठल्या पेटीत कुठल्या हीटचा माल आहे ते सांगू लागले, मी टाइप करू लागले. मध्येच लाल एरर आला: पार्टी कोड नाही, म्हणजे गिऱ्हाइकाचा नंबर भरलेला नाही. सरांनी डोळे मिटले. मी कसलातरी कोड ठोकला आणि पुढे गेले.

अण्णा खुर्ची ओढून शेजारी येऊन बसले. मी तडा गेलेल्या पीसचा हीट नंबर टाकून एंटर दाबलं. स्क्रीनवर मोजक्याच पेट्या उमटल्या.

"एवढ्याच उतरवा रं!" अण्णा खिडकीतून गरजले. तेवढ्या पेट्या उतरल्या आणि ट्रक निघाला. मग माझ्याकडं वळून म्हणाले, "म्याडम, एवढंच द्या आमाला. बाकीचं तुमचं तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या की."

पूर्ण पॅकेज विकलं गेलं नाही, हीटचा माल शोधायचा एकच भाग विकला गेला. शाखा मात्र राहिली, आणि बाकीचे भाग अण्णांनीच पुढे एकेक करून मागून घेतले.

डेमोला जाताना सगळे मेनू पाठ असावेत. दाखवायचा कुठला, ते गिऱ्हाइकाची अडचण कळल्यावर ठरवावं.