सगळ्यांच्या मागे लिंडसे

लिंडसे ट्रेविन आमच्यात सगळ्यांत हळू गाडी चालवतो, असं म्हटलं तर तो रागावतो. तो म्हणतो, मी हळू नाही, मी शेवटचा आहे, आणि या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही मान डोलावतो आणि एकमेकांकडे बघून डोळे मिचकावतो.

महिन्यातून एका रविवारी आमची टोळी गिप्सलँडच्या डोंगरात मोटारसायकली घेऊन जाते. नळकाम करणारा डॅरेल पुढे असतो, कारण त्याला मागे ठेवलं तर तो दिवसभर बडबडतो. त्याच्या मागे बेकरीवाला टुआन, मग मी, मग जो कोणी येईल तो, आणि सगळ्यांत शेवटी लिंडसे. मी शाळेची बस चालवते. आठवडाभर पोरांना 'खाली बसा' म्हणून ओरडायचं आणि रविवारी स्वतः उभं राहून चिखलातून गाडी हाणायची, असं माझं आयुष्य आहे.

सगळ्यांच्या मागे राहणाऱ्याला आम्ही शेपूट म्हणतो. हे काही थट्टेने दिलेलं नाव नाही, ते पद आहे. जंगलात वाटा फुटतात, धुळीत किंवा धुक्यात पुढचा दिसत नाही. म्हणून जिथे वळायचं असेल तिथे दुसऱ्या नंबरच्या गड्याने थांबायचं, कोपरा धरायचा, आणि शेपूट दिसेपर्यंत हलायचं नाही. शेपूट आलं की अंगठा वर करायचा, ते अंगठा वर करतं, मग कोपरा सोडायचा. कोपऱ्यावर कोणी नसेल तर सरळ जायचं. नियम एवढाच. तो फार वर्षांपूर्वी लिंडसेनेच केला. डॅरेलचा मेहुणा एकदा वाट चुकून भलत्याच गावात निघाला आणि तिथल्या पबमधून फोन करून 'तुम्ही कुठे हरवलात' असं आम्हालाच विचारू लागला, तेव्हा.

लिंडसे आयुष्यभर दुधाचा टँकर चालवायचा. पहाटेच्या अंधारात एकटाच गोठ्यागोठ्यांवरून फिरायचा. त्यामुळे त्याला घाई नावाचा प्रकार माहीत नाही. वाटेत झाडाची फांदी पडलेली दिसली की तो गाडी उभी करतो, उतरतो, फांदी बाजूला ओढतो, हात झटकतो आणि मग पुन्हा निघतो.

"अरे, तुझ्या मागे कोण येणार आहे?" डॅरेल दरवेळी विचारतो.

"पुढच्या महिन्यात आपणच," लिंडसे दरवेळी सांगतो.

अंगात रस्तेवाल्यांची नारिंगी बंडी, खाली निळी गाडी, पाठीवर हे एवढं दप्तर. त्यात जादा ट्यूब, पंप, तार, चिकटपट्टी आणि क्लचचा एक दांडा, जो आमच्यापैकी कोणाच्याच गाडीला बसत नाही. टायरमधल्या हवेवर तो प्रवचन देऊ शकतो. चिखल असेल तर हवा कमी, म्हणजे टायर पसरतो आणि धरतो. दगड असतील तर जास्त, नाहीतर ट्यूब चिमटते. हे सगळं बरोबर आहे. पण चाकात तेवढी हवा भरून होईपर्यंत आमचा चहा दोनदा पिऊन होतो.

गेल्या वसंतात त्याने गळपट्टीचं हाड मोडून घेतलं. वॉम्बॅट नावाच्या एका गुबगुबीत जनावराला चुकवायला गेला आणि वाटेवरच्या पाणी वळवायच्या उंचवट्यावरून उडाला. वॉम्बॅटने वर मान करूनही बघितलं नाही. तेव्हा त्याची बायको रोंडा आम्हा सगळ्यांना स्वयंपाकघरात उभं करून म्हणाली, "ऐका. हा आता सत्तरीचा झालाय. आणखी एक हाड मोडलं की गाडी विकायची. त्याने मला शब्द दिलाय आणि तुम्ही साक्षीदार आहात."

लिंडसे टेबलावरच्या केकच्या चुऱ्याकडे बघत म्हणाला, "हो, दिलाय."

तेव्हापासून तो आणखी हळू चालवायला लागला. ते शक्य आहे असं आम्हाला आधी वाटलं नव्हतं.

सप्टेंबरच्या त्या रविवारी, म्हणजे आमच्याकडचा पुढचा वसंत लागला तेव्हा, आठवडाभर पाऊस पडून गेला होता. आमच्या डोंगरात तांबडी चिकणमाती आहे. ती ओली झाली की टायरच्या ठोकळ्यांमधल्या खाचा भरून जातात आणि चाक गुळगुळीत होतं. मग पुढचा ब्रेक जरा जोरात दाबला की गाडी आपली राहत नाही. वर झाडीत धुकं होतं आणि मॅगपाय पक्ष्यांची अंडी घालायची वेळ असल्यामुळे ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झडप घालायला टपून बसले होते. माझ्या हेल्मेटवर दोन टोचे बसले.

"टायरमध्ये हवा किती?" लिंडसेने विचारलं.

"पुरेशी," मी म्हणाले.

"पुरेशी हा आकडा नाही, ग्लेनिस."

"तू शेपूट आहेस ना? मग मागे जा."

तो हसला आणि गेला.

जळक्या खोडापाशी वाट फुटते. डावीकडची जुन्या लाकूड गिरणीच्या मोकळ्या जागेत जाते. सरळची ओढ्यात उतरते, आणि ती उतरण कोरड्या दिवसांतही कोणी हौसेने घेत नाही. डॅरेल डावीकडे वळला. टुआनने कोपरा धरला. आम्ही एकेक जण त्याच्यासमोरून डावीकडे गेलो. गिरणीपाशी इंजिनं बंद केली, डॅरेलने ज्याची कोणालाच गरज नव्हती असं भाषण सुरू केलं आणि आम्ही टुआनच्याच बेकरीतले पॅटिस खायला काढले.

थोड्या वेळाने टुआन आला. "शेपूट मागेच आहे," तो हेल्मेट काढत म्हणाला. "अंगठा केला, निघालो."

त्याच्या मागोमाग धुक्यातून निळी गाडी आली. वर नारिंगी बंडी. गाडी थांबली, हेल्मेट निघालं आणि आतून तांबड्या दाढीचा एक अनोळखी तरुण बाहेर आला.

"मजेत ना?" त्याने सगळ्यांना विचारलं. "तुमच्यातल्या एकाने मला कोपऱ्यावर अंगठा दाखवला. मीही दाखवला. भले लोक आहात."

टुआनच्या हातातला पॅटिस तसाच राहिला. मी त्याला इतकी वर्षं ओळखते, भट्टी बिघडली तरी तो हसतो. त्या दिवशी त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"तो फांदी उचलत बसला असेल रे," डॅरेल म्हणाला. "येईल. तो या वाटेवर माझ्या जन्माआधीपासून फिरतोय. डोळे मिटून डावीकडे वळेल."

"कोपऱ्यावर कोणी नाही," टुआन म्हणाला.

मग डॅरेलने हेल्मेट डोक्यावर चढवलं. कारण आम्ही सगळेच लिंडसेला ओळखत होतो.

आम्ही मागे फिरलो. जळक्या खोडापाशी ओल्या मातीत आमचे सगळे माग डावीकडे वळले होते. टायरचा एकच ताजा माग सरळ गेलेला होता.

गाड्या तिथेच टाकून आम्ही उतरणीवरून पायी निघालो. पायी म्हणजे बरंचसं बसून. मातीत ढोपरभर खोल चर पडले होते. त्यातल्या एका चरात चाक अडकून गाडी आडवी झाल्याची खूण स्पष्ट दिसत होती. टुआन सगळ्यांच्या पुढे घसरत होता आणि मोठ्याने हाका मारत होता. मी मनात म्हणत होते, पाय मोडू दे, हात मोडू दे, गाडी जाऊ दे चुलीत, पण म्हाताऱ्या, ओ दे.

"इकडे," खालून आवाज आला. "इतकं ओरडू नका. लायरबर्ड पक्षी गात होता, तो उडाला."

निळी गाडी नेच्यांमध्ये कुशीवर पडली होती. लिंडसे गमट्रीच्या बुंध्याला टेकून बसला होता, हेल्मेट डोक्यावर, डावा हात मांडीवर. पेट्रोलची तोटी बंद केलेली. मनगट जिथे सरळ असायला हवं तिथे सरळ नव्हतं.

टुआन त्याच्यासमोर चिखलात गुडघे टेकून बसला. "माझी चूक. मी कोपरा सोडला. मला वाटलं तो तूच."

"नारिंगी बंडी होती?"

"हो."

"गाडी निळी?"

"हो."

"मग मीही सोडला असता," लिंडसे म्हणाला.

आता डॅरेलचा बांध फुटला. भीती वाटली की तो चिडतो. "अरे पण तुला काय झालं होतं? गिरणीचं फाटक तू स्वतः बसवलंस! आम्ही डावीकडे गेलो हे तुला कळलं नाही?"

"कळलं ना. चाकांचे माग दिसत होते."

"मग?"

"कोपऱ्यावर कोणी नव्हतं. कोणी नसेल तर सरळ."

"नियम तूच केलास, लेका!"

"म्हणून तर," लिंडसे म्हणाला. "मीच नाही पाळला तर कोण पाळणार?"

यावर डॅरेल झाडाकडे तोंड करून उभा राहिला. तो हसत होता की रडत होता ते मी विचारलं नाही. मी लिंडसेच्या दप्तरातली चिकटपट्टी काढली, एक काठी तोडली आणि त्याचा हात बांधला. आमच्या देखत ते दप्तर पहिल्यांदाच उपयोगी पडलं. हे मी त्याला सांगितलं तेव्हा दुखत असतानाही तो खूश झाला.

त्याला ढकलत, ओढत वर आणेपर्यंत आमचा घाम निघाला. कड्यावर फोन लागतो. पण फोन लावायच्या आधी रोंडाला काय सांगायचं यावर तिथे परिषद भरली.

"शिडीवरून पडला म्हणू," डॅरेल म्हणाला. "पन्हळी साफ करताना."

"पन्हळी जंगलात?" मी म्हणाले. "आणि शिडी रोंडाने वर्षभरापूर्वीच शेजाऱ्याला देऊन टाकली."

"माझ्या बेकरीत घसरला म्हणू," टुआन म्हणाला. "फरशी ओली होती. बोलणी मी खाईन."

"हे बरं आहे," डॅरेल म्हणाला. "वाटेत बेकरीत गेला, पॅटिस घ्यायला. मोटारसायकलचा संबंधच नाही."

"अंगावर एवढा चिखल आहे त्याच्या," मी म्हणाले.

"बेकरीतला चिखल!"

आम्ही खरोखर असं बोलत होतो. जाणते लोक, घरदार असलेले. लिंडसे मध्ये उभा राहून ऐकत होता. मग त्याने उजव्या हाताने माझ्या खिशातला फोन घेतला आणि चार पावलं बाजूला जाऊन रोंडाला लावला.

"मी बोलतोय," तो म्हणाला. "हो, कड्यावरून. नाही, डोकं ठीक आहे. मनगट... मोडलंय. हो, नक्की. सफरचंदाएवढं झालंय." मग बराच वेळ तो ऐकत राहिला. "नाही गं, रडत नाहीये. नाक गळतंय. थंडी आहे इथे." मग म्हणाला, "गाडी विकू आपण, रोंडा. या आठवड्यातच. घरी राहिली तर मी तिच्याकडे बघत बसेन."

आम्ही सगळे बुटांकडे बघत होतो. बुटांवर बघण्यासारखं काही नव्हतं.

रोंडा मोटार घेऊन डांबरी रस्त्यावर आली. तिने त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली आणि नाक पुसलं. टुआन पुढे होऊन म्हणाला, "रोंडा, कोपरा मी सोडला."

"तू कोपरा सोडलास," ती म्हणाली, "पण दरी त्याची त्याने शोधली ना? जा घरी, भिजलायस." मग गाडीचं दार लावता लावता हळूच आम्हाला म्हणाली, "त्याने खोटं सांगितलं असतं ना, तर मी विश्वास ठेवला असता. ठेवायचाच असं ठरवलं होतं मी."

निळी गाडी त्याच आठवड्यात जवळच्या ट्रारालगन गावच्या एका माणसाने नेली.

पुढच्या महिन्याचा रविवार आला तेव्हा शेपूट कोण होणार यावर बराच वेळ घोळ झाला. प्रत्येकाला काहीतरी कारण होतं. डॅरेलचं कारण असं की त्याला पुढे जायची सवय आहे. शेवटी मीच नारिंगी बंडी चढवली. म्हटलं, एक दिवस दुसऱ्यांची धूळ खाऊ.

पहिल्या कोपऱ्यावर टुआन उभा होता. मी झाडांतून बाहेर आले आणि मला बघून त्याचं तोंड असं उजळलं की मला वाटलं माझ्या मागे कोणीतरी आहे. त्याने अंगठा वर केला. मी केला. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच. तिसऱ्यावर डॅरेलची बहीण होती. ती माझ्याशी वर्षभर बोलत नाही, पण तीही मला बघून हसली. दिवसभर प्रत्येक वळणावर कोणी ना कोणी फक्त माझ्यासाठी थांबलं होतं, मान लांब करून माझीच वाट बघत होतं. मी येईपर्यंत कोणी हलत नव्हतं.

म्हातारा उगाच शेवटचा राहत नव्हता. आयुष्यभर पहाटे एकट्याने टँकर चालवलेल्या माणसाला हे मिळत होतं, महिन्यातून एकदा, आणि ते आता गेलं होतं. मला फार वाईट वाटलं. हेल्मेटमध्ये रडू नये, काच धुरकटते. मी एक फांदी दिसली म्हणून थांबले, उतरले आणि ती बाजूला ओढली.

शेवटचा कोपरा डांबरी रस्त्याला लागतो. पुढे चुकायला जागा नाही, म्हणून हा एक कोपरा डॅरेल स्वतः धरतो; तिथे तोच थांबलेला असायला हवा होता. पण तिथे घडीच्या खुर्चीशेजारी प्लॅस्टरमधला हात घेऊन लिंडसे उभा होता. मागे रोंडा गाडीच्या बॉनेटवर टेकून चहा पीत होती.

"डॅरेल कुठंय?"

"त्याला पुढे पाठवला," लिंडसे म्हणाला. "म्हटलं, हा मी धरतो."

"कधीपासून उभा आहेस?"

"सकाळपासून," मागून रोंडा म्हणाली. "तुमची पहिली गाडी सुरू व्हायच्या आधीपासून. आयुष्यात पहिल्यांदा हा कुठेतरी पहिला आलाय."

लिंडसेने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने प्लॅस्टरमधून बाहेर आलेला अंगठा वर केला. मीही केला.

"मागे कोणी?" त्याने विचारलं.

"कोणी नाही, लिंडसे. मीच शेवटची."

तरी त्याने माझ्या खांद्यावरून वाटेकडे बराच वेळ नीट बघितलं. मगच खुर्चीची घडी केली.