पारा विमानानं जात नाही

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजोबा, कमी ऐकू यायला लागून किती दिवस झाले?"

मी म्हटलं, "जे ऐकूच आलं नाही, ते मोजणार कसं?"

बाई हसल्या नाहीत. सूनबाई हसली, पण तीही वैतागानंच. खराडीच्या ऑफिसातून अर्ध्या दिवसाची रजा काढून ती मला घेऊन आली होती. आदल्या रविवारी तिनं मला कुकरच्या शिट्ट्या मोजायला बसवलं होतं. मी तिसरीची वाट बघत बसलो आणि डाळीचा कोळसा झाला. धायरीतल्या आमच्या अख्ख्या मजल्याला वास गेला म्हणे. नाक शाबूत आहे माझं, पण सर्दी होती.

डॉक्टरीणबाईंनी मला एका खोक्यासारख्या खोलीत बसवलं, कानांना फोन लावले आणि सांगितलं, आवाज आला की बोट वर करा. आवाज कुठला यायला? पण बाई बटण दाबताना डावी भुवई जराशी उचलत. मी तीन-चारदा त्या भुवईवरच बोट वर केलं. बाई हुशार. खुर्ची गर्रकन फिरवून पाठमोऱ्या बसल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, कॉपी करायची नाही."

सूनबाई काचेपलीकडून हसत होती आणि मला मास्तर आठवले.

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत. हवामान खात्याच्या पुण्यातल्या कचेरीत उपकरणांचं काम बघणारे ते सगळ्यांत जुने गृहस्थ. शिकवायची हौस दांडगी, म्हणून मास्तर. जीभ अशी की शिपायापासून साहेबापर्यंत सगळे चार हात लांब. मी त्यांच्या हाताखाली लागलो तेव्हा तिशीला आलो होतो, लग्न झालेलं होतं, आणि आपल्याला सगळं कळतं अशी माझी पक्की समजूत होती.

आमचं काम बॅरोमीटरचं. साडेतीन फुटांची काचेची नळी, तिच्यात पारा, बाहेरून पितळेचं कवच. हवामानाच्या प्रत्येक केंद्रावर असा एक भिंतीला टांगलेला असतो. तो खरं सांगतोय की नाही हे बघायला मधूनमधून आमचा बॅरोमीटर तिथं नेऊन त्याच्या शेजारी टांगायचा आणि आठ-आठ दिवस दोघांचे आकडे ताडून बघायचे. पाऱ्याला विमानात बंदी. थेंबभर सांडला तरी विमानाचा पत्रा खातो. म्हणून पारा आगगाडीनं जायचा, तोही माणसाच्या कुशीत बसून. आणि उलटा. नळीचं टोक खाली, पाऱ्याची कुपी वर, म्हणजे नळी गच्च भरलेली राहते आणि आत हवा शिरत नाही. फळीवर ठेवायचा नाही, जमिनीला टेकवायचा नाही, हमालाला द्यायचा नाही. एकानं झोपायचं तर दुसऱ्यानं धरून बसायचं.

हवा शिरली की नाही हे ओळखायची खूण एकच. बॅरोमीटर सरळ धरला की पारा थोडा खाली येतो आणि टोकाशी पोकळी राहते. मग तो हळूहळू तिरका करायचा. पारा सरकत सरकत टोकाला जाऊन भिडतो. पोकळी शुद्ध असेल तर टक् असा कोरडा आवाज होतो. हवा असेल तर नुसतंच बद्द. बद्द झालं की गेलं सगळं पाण्यात. तोवर लिहिलेला एकही आकडा खरा धरता येत नाही.

धनुष्कोडीहून सिलोनला जाणारी बोट अजून चालू होती तेव्हाची गोष्ट. सिलोनमधल्या केंद्रांचे बॅरोमीटर ताडायला मास्तरांना आणि मला पाठवलं. मास्तरांना निवृत्तीला वर्ष उरलं होतं, ही त्यांची शेवटची फेरी. चामडी पेटीतला बॅरोमीटर, तो टांगायची लाकडी तिकटी, हत्यारांची लोखंडी पेटी, दोन वळकट्या आणि मास्तरांच्या घरून आलेला दशम्यांचा डबा. एवढा संसार घेऊन आम्ही परदेशातल्या गाडीत चढायचो तेव्हा लोक माना वळवून बघायचे. कोणाला पेटीत बंदूक आहेसं वाटे, कोणाला वाद्य. कोलंबोहून डोंगरात जाताना समोरच्या एका सद्‌गृहस्थांनी इंग्रजीत विनंती केली की काहीतरी वाजवून दाखवा. मास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "याला एकच सूर आहे, आणि तो सगळ्यांना ऐकू येत नाही." मला फार हसू आलं.

पण त्याच प्रवासात तिकीट तपासणारा मागून तीन वेळा "सर" म्हणाला आणि मास्तर खिडकीबाहेरचे चहाचे मळे बघत बसून राहिले. चौथ्यांदा त्यानं खांद्याला हात लावला तेव्हा दचकले. माझ्या मनात पाल चुकचुकली.

कोलंबोचं काम उरकून बॅरोमीटर भिंतीवरून उतरवला होता, तेव्हाचं मला आठवायला लागलं. मास्तरांनी तो तिरका केला, टक् झालं, आणि त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, "उत्तम." अरेच्चा! म्हणजे यांना ऐकू येतच नाही. हे माझ्या चेहऱ्यावरून ओळखतात!

डोंगरावरच्या केंद्रावर आठ दिवस राहिलो. निघायच्या दोन दिवस आधी मास्तरांनी पुन्हा तपासणी केली, आणि मी चेहरा दगडासारखा ठेवला. टक् लख्ख झालं. मी ढिम्म. मास्तर माझ्याकडे बघत राहिले. जरा जास्तच वेळ. मग म्हणाले, "ठीक आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समुद्र ओलांडून आलो, पेटी पोटाशी धरून रात्री काढल्या, आणि हा माणूस ठीक आहे म्हणतो ते अंदाजानं? उद्या बद्द झालं तरी ठीकच म्हणेल! त्याच संध्याकाळी मी पोस्टात गेलो आणि पुण्याच्या साहेबांना विमानाचं पत्र टाकलं. मास्तरांना ऐकू येत नाही, तपासणी भरवशाची नाही, खात्याच्या हिताकरता कळवणं कर्तव्य समजतो, वगैरे. कर्तव्य! मास्तर गेले की अशा फेऱ्या माझ्याकडे येतील, हेही माझ्या डोक्यात होतं. ते पत्रात लिहिलं नाही.

परतताना एका जंक्शनला गाडी बदलायची होती. मास्तर फलाटाची चौकशी करायला गेले. पेटी धरायची पाळी माझी. चहावाला आला. मी पेटी गुडघ्यांत धरली आणि कप घ्यायला वळलो. तेवढ्यात एका भल्या हमालानं आमचं सामान हलवायला घेतलं. पेटीची मूठ खाली आणि बूड वर आहे असं त्याला दिसलं. बिचाऱ्यानं ती उचलून नीट सुलटी केली आणि खांबाला दणकन टेकवली.

मास्तर समोरून येत होते. त्यांनी पाहिलं. मला वाटलं, आता उभा सोलणार. ते एवढंच म्हणाले, "चहा प्यायलास का? नाही? मग आता पी."

कोलंबोची गाडी सुटायला दहा-पंधरा मिनिटं होती. हवा शिरली असेल तर वर परत जायचं, सगळं पहिल्यापासून करायचं, आणि कोलंबोचे आकडेही रद्द. मास्तरांनी बाकावर बसून बॅरोमीटर पेटीतून काढला. शेजारी इंजिन वाफ सोडत उभं होतं. फेरीवाल्यांचा कालवा. स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. मी ओरडलो, "मास्तर, इथं काय ऐकू येणार?"

त्यांनी माझा उजवा हात ओढला, नळीच्या टोकाच्या पितळेवर ठेवला, वर स्वतःचा तळवा दाबला आणि बॅरोमीटर हळूहळू तिरका केला. काही नाही. अजून काही नाही. आणि मग तळहाताच्या मधोमध एक टिचकी बसली. बारीक, कडक, आतून कोणी नखानं मारावी तशी.

"लागलं?" मास्तर माझ्या कानाशी येऊन म्हणाले.

मी मान हलवली.

"मग परवा वर का कळलं नाही? माझ्या हाताला तर कळलं होतं. टक् झालं की शिकलेल्या माणसाच्या तोंडावर दिसतं. कोलंबोला तुझ्या तोंडावर दिसलं. वर तू म्हशीसारखा बघत राहिलास. मला वाटलं, अजून कच्चंच आहे हे. माझं काय, पुढल्या वर्षी घरी बसेन. तुझ्या हातात देऊन जायचंय ना हे सगळं."

बॅरोमीटर उलटा करून पेटीत घालता घालता ते म्हणाले, "माझे कान जाऊन सहा वर्षं झाली. घरी हिला माहीत आहे. आता तुला. कचेरीत बोलू नकोस, उगाच कागद फिरवत बसतील."

पण कागद फिरायला लागला होता.

तिथून पुण्यापर्यंत मी पेटी सोडली नाही. मास्तर म्हणत, "दे रे, हात अवघडतील," पण मी देईना. पत्र आता कुठवर गेलं असेल हाच हिशोब डोक्यात. आम्ही गाडीत बसलो तेव्हा ते मद्रासला उतरलं असेल. आम्ही बोटीवर असताना पुण्याच्या टपालात पडलं असेल. बोटीच्या कठड्याशी मास्तर वाऱ्यात टोपी धरून उभे होते. मी मागे पेटी घेऊन उभा होतो. मी म्हटलं, "मास्तर, मी साहेबांना पत्र लिहिलंय." ते समुद्राकडे बघत राहिले. मी ते मुद्दाम त्यांच्या पाठीमागून म्हटलं होतं. समोर जाऊन म्हणायला माझं काय जात होतं? पण नाही गेलो.

पुण्यात आमचा बॅरोमीटर कचेरीच्या मूळ बॅरोमीटरशेजारी टांगला. आकडे जाताना होते तसेच आले, सूतभरसुद्धा फरक नाही. सगळी फेरी खरी ठरली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला एकट्याला बोलावलं. टेबलावर माझं पत्र होतं आणि शेजारी मास्तरांचा अहवाल, गाडीतच लिहिलेला, त्यांच्या टपोऱ्या अक्षरात. साहेबांनी त्यातलं एक वाक्य बोटानं दाखवलं: परतीच्या प्रवासात पेटी माझ्या हातून सुलटी टेकली गेली, तपासली, दोष नाही.

माझ्या हातून, असं मास्तरांनी स्वतःबद्दल लिहिलं होतं.

साहेब म्हणाले, "ऐकू येत नाही, वर पेटीही सांभाळता येत नाही. तुम्ही कळवलंत ते बरं केलंत. हे तुमच्यादेखतच घडलं ना?"

नाही म्हणायचं होतं. पेटी माझ्या हातून गेली, आणि मास्तरांच्या हाताला कळतं ते आपल्या दोघांच्या कानांना मिळूनही कळणार नाही, एवढं सांगायचं होतं. दोन वाक्यं. मी म्हटलं, "हो."

मास्तरांचे कान तपासले गेले आणि उरलेलं वर्ष त्यांना भांडारात बसवलं, खिळे-स्क्रूंची नोंद करायला. मला ते एक शब्द बोलले नाहीत. काही विचारायला गेलो तर शिकवायचे, पूर्वीसारखंच. मी मनाशी धरून चाललो की त्यांना माहीत नाही. माणूस स्वतःला किती सोयीनं फसवतो!

सहा महिन्यांनी ब्रह्मदेशाची फेरी निघाली. मला एकट्याला. पुणे स्टेशनवर मास्तर पोचवायला आले, कोणी सांगितलं नव्हतं तरी. पेटी त्यांनीच कचेरीतून टांग्यात मांडीवर घेऊन आणली होती. मी गाडीत खिडकीशी बसलो. त्यांनी पट्टे ओढून पाहिले, पेटी उलटी करून खिडकीतून माझ्या कुशीत दिली आणि जरा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिले.

"चहा प्यायचा असेल तर आत्ताच पी," म्हणाले. मग गार्डाची शिट्टी झाली. ती त्यांना ऐकू आली नाही, पण लोकांची धांदल बघून ते मागे सरले. "आणि पोचलास की पत्र टाक. तुझी पत्रं लवकर पोचतात."

गाडी हलली. दोन्ही हात पेटीला अडकलेले, धड नमस्कारही करता आला नाही. फलाट संपत आल्यावर मी खिडकीतून "मास्तर, चुकलो" म्हणून ओरडलो. त्याआधी ओरडायची छाती झाली नव्हती.