पाडायच्या घरांचे फोटो

कॉलेजात आमचा फोटोग्राफीचा वर्ग दुसऱ्या मजल्यावर होता. सर दर सोमवारी ग्रुपवर बातम्या टाकायचे. कुठे स्पर्धा आहे, कुठल्या शहरात कार्यशाळा आहे, लग्नसराईसाठी कुणाला हाताखाली माणूस हवाय. त्यातलं बरंचसं आमच्यासाठी नसायचंच. स्पर्धेला लागतो तसला कॅमेरा आमच्याकडे नव्हता, आणि कार्यशाळेसाठी चार दिवस बाहेर राहायला घरून कोणी सोडत नव्हतं. तरी आम्ही सगळं वाचायचो.

मी बोईसरहून यायचे. वडील मूळचे साताऱ्याकडचे, तारापूरच्या एका कारखान्यात कामाला. आमचा जन्म भाड्याच्या खोल्यांत गेला. माझी मैत्रीण सफाळ्याच्या बाजूची, माकुणसारच्या अलीकडच्या एका छोट्या गावातली. तिच्या वडिलांची पानवेलीची वाडी होती. वर्गात सगळ्यात चांगला हात तिचा. उजेड कुठून येतोय हे तिला सांगावं लागत नसे.

शेवटच्या वर्षी एका सोमवारी सरांनी ग्रुपवर न टाकता वर्गात येऊनच सांगितलं. नवा रस्ता होणार होता. त्यात जाणारी घरं, विहिरी, झाडं यांचे फोटो भरपाईच्या नोंदीसाठी सरकारी कार्यालयाला काढून द्यायचे होते आणि ते काम आमच्या विभागाला मिळालं होतं. सर खूश होते. "पहिल्यांदा कुणीतरी तुम्हाला विद्यार्थी म्हणून नाही, फोटोग्राफर म्हणून बोलावतंय," ते म्हणाले. मग त्यांनी गावांची नावं वाचली. त्यात माझ्या मैत्रिणीचं गाव होतं.

रस्ता जाणार हे तिच्या घरी माहीत होतं, पण नक्की कुठून जाणार ते कोणी धड सांगत नव्हतं. सर म्हणाले, "तुला दुसरं गाव देतो." ती म्हणाली, "नको सर. परक्या कुणी येऊन आमच्या घराचे फोटो काढण्यापेक्षा मीच काढते." तिने मला बरोबर घेतलं.

कामाची पद्धत ठरलेली होती. घराचा समोरून एक फोटो, मागून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. शेवटी घराचा मालक दारात उभा, हातात नंबराची पाटी. पाटी लिहायचं काम माझ्याकडे होतं.

लोक आम्हाला बघून गोळा झाले. एका घरातली बाई म्हणाली, "थांब गं, साडी बदलून येते." ती खरंच नवी साडी नेसून आली आणि पाटी छातीशी धरून हसत उभी राहिली. मैत्रिणीने तिला "काकी, अशाच राहा" म्हटलं आणि फोटो काढला. पुढच्या घरातल्या म्हाताऱ्याने विचारलं, "आमाला मिलेल काय एक?" तिने हो म्हटलं. ती प्रत्येकाला हो म्हणत होती.

तिचं घर गावाच्या टोकाला होतं. कौलारू, पुढे ओटी, मागे विहीर आणि विहिरीपलीकडे सुपारीच्या झाडांच्या सावलीत पानवेली. वडील वाडीत काम करत होते. आम्हाला बघून ते विहिरीवर आले, हातपाय धुतले, आत जाऊन शर्ट घालून आले. आई स्वयंपाकघरातून बाहेर आलीच नाही.

मैत्रिणीने चारही बाजूंचे फोटो काढले. मी पाटी लिहून तिच्या वडिलांच्या हातात दिली. ते दारात उभे राहिले.

"बाबा, जरा डावीकडे. दार दिसत नाही."

"तू सांगशील तसा उभा ऱ्हातो."

ते सरकले. तिने कॅमेरा डोळ्याला लावला आणि बराच वेळ तशीच राहिली. मला वाटलं फोकस होत नाहीये. वडील पापणी न हलवता समोर बघत होते. मग तिने बटण दाबलं, मागच्या पडद्यावर फोटो मोठा करून तपासला, आणि मला म्हणाली, "आता विहीर."

विहिरीपाशी वडील हळूच म्हणाले, "पानाच्या वेलीपन काढतात काय?"

"वेली नाही, बाबा. फक्त झाडं."

"वेली नाय?"

"नाही."

मग एका वेलीचं सुटलेलं टोक उचलून त्यांनी परत आधाराला बांधलं, आणि आमच्यामागून चालत राहिले.

दुपारी आईने आम्हाला तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण वाढलं. आमची जेवणं झाल्यावर ती मुलीला म्हणाली, "आता आमचा चौघांचा एक काढ. ओटीवर. ही काढंल." म्हणजे मी.

मैत्रीण म्हणाली, "बॅटरी संपली, आई."

संपलेली नव्हती. मला माहीत होतं, कारण कॅमेरा माझ्या मांडीवर होता. आईने ताटं उचलली आणि आत गेली. धाकट्या भावाने विचारलं, "मोबाईलवर काढू?" मैत्रिणीने माझ्या मांडीवरचा कॅमेरा उचलून पिशवीत ठेवला.

काम छान झालं असं वरून कळवलं गेलं. सरांनी तिचे फोटो वर्गात दाखवले, सरळ रेषा, दाराचा काळोख, चेहऱ्यावरचा मऊ उजेड यावर बोलले. ती त्या दिवशी आली नव्हती. काही दिवसांनी त्याच लोकांनी आम्हा दोघींना पुढच्या कामासाठी बोलावलं. मी गेले. तिने सरांना फोनवरच नकार दिला. सर मला म्हणाले, "समजाव तिला. अशी संधी परत येत नाही." मी तिच्याकडे विषय काढला. ती म्हणाली, "मला कॅमेऱ्यात आता फक्त घर दिसतं गं. फ्रेम दिसत नाही."

परीक्षा तिने दिली, पास झाली. त्यानंतरच्या उन्हाळ्यात घर गेलं. ते चौघे सफाळ्याला एका इमारतीत राहायला आले.

गेल्या वर्षी मी केळव्याला एका लग्नाचे फोटो काढत होते. नवरीकडच्या लोकांत ती दिसली, बरोबर आई. ती आता औषधांच्या दुकानात काम करते.

"बाबा नाही आले?" मी विचारलं.

"लग्नकार्याला येत नाहीत ते आता. गॅलरीत बसतात. आईने कुंडीत एक वेल लावून दिली होती, तिला पाणीसुद्धा घालत नाहीत."

"आणि तू? काढतेस कधी?"

"डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांचे काढते, मोबाईलवर. अक्षर लागलं नाही की मालकांना पाठवायला." ती जराशी हसली. मग विचारलं, "तू अजून तसलं काम घेतेस? घरांचं?"

"आलं तर घेते."

"घे. तू नाही घेतलंस तर दुसरं कोणी घेईल." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

स्टेजवरून मला हाका येत होत्या. नवरीची आत्या, मामा, मावश्या, एकामागून एक कुटुंबं वर चढत होती. मी सगळ्यांना जवळ जवळ उभं केलं, मुलांना पुढे बसवलं. मोकळी होऊन जेवणाच्या मांडवात गेले, तेव्हा त्या दोघी निघून गेल्या होत्या.