मावशीने चपला काढू दिल्या नाहीत

मावशी माणसाच्या तोंडाकडे आधी बघायचीच नाही, पायांकडे बघायची. मोखाड्याजवळच्या आश्रमशाळेत मी अधीक्षिका म्हणून हजर झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी म्हणाली, "बाय, तुला चालायची सवय नाय. टाच कोवली हाय." मी चिडले. आठवड्याच्या आत टाचेला फोड आला, मग चिडणं सोडलं.

ती वसतिगृहात रोजंदारीवर स्वयंपाक करायची. तिचं नाव हजेरीपटावर होतं, तोंडात कुणाच्याच नव्हतं. मुलांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे मावशीच म्हणत. आणि ती सगळ्यांना अरे-तुरे करी, तपासणीला आलेल्या साहेबांनासुद्धा. तिच्या घरच्या बोलीत अहो-जाहो नव्हतंच, आणि आमच्यासाठी नवीन शिकायची तिला गरज वाटली नाही.

दिवाळीनंतर मुलांचे आईबाप वीटभट्टीवर नाहीतर ठाण्याकडे बांधकामावर जातात. जायच्या आधी ते मुलांना शाळेत सोडायला आले, की मावशी पोराचा पाय जमिनीवर ठेवायला लावायची. कारवीची काडी टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरून मोडायची आणि बापाच्या खिशात खोचायची. त्या मापाची चप्पल घेऊन बाप शिमग्याला परत यायचा. काडी नेहमी बोटभर लांब. एकाने विचारलं, "मावशी, जास्त झाली ना?" ती म्हणाली, "पाय बापाची वाट नाय बघत. तू येशील तवर तो वाढलेला असल."

त्या वर्षी शिमगा नुकताच झाला होता आणि वसतिगृहाच्या दारात नव्या चपलांची रांग होती. तेव्हाच मुंबईची एक संस्था आली, सोबत एका बूट कंपनीची माणसं. त्यांनी मदतीसाठी म्हणून एक लिमिटेड एडिशन स्नीकर काढला होता. मोजकेच जोड, पुन्हा कधी निघणार नाहीत. किंमत मी दोनदा विचारली, ऐकण्यात चूक झाली असेल म्हणून. त्या विक्रीतून आमच्या सगळ्या मुलांना कॅनव्हासचे बूट आणले होते. बूट चांगले होते, मापाचे होते. ते मी नाकारत नाही.

त्यांच्यातल्या दाढीवाल्या तरुणाने तो महागडा जोड कौतुकाने दाखवला. "हे कुणी घालत नाही मॅडम. काचेच्या कपाटात ठेवतात."

मावशी चहा घेऊन आली होती. "घालायचं नाय? मंग काय पुजायचं? नारल फोडतात का म्होरं?"

सगळे हसले. तोही हसला.

मग त्याने काम सांगितलं. असाच दुसरा जोड निघणार होता, त्याच्या खोक्यावर छापायला फोटो हवे होते. मुलं आधी अनवाणी, मग बूट घातलेली. फोटोसाठी रांगेत उभ्या केलेल्या बऱ्याच मुलांच्या पायांत चपला होत्या. "त्या जरा काढता येतील?" मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, "मावशी, चपला गोळा करून कोठीत ठेव." हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणावर ढकलणार नाही.

"कशाला?"

"फोटोसाठी."

"फोटोत चपला चावतात?" तिने कप खाली ठेवले आणि त्या तरुणाच्या बुटांकडे पाहिलं. "तू काड आदी तुजं. बघू दे तुजा पाय मोकला."

तो म्हणाला, "मावशी, तसं नाही, लोकांना गरज कळली पाहिजे."

"ह्यांच्या बापांनी उनात विटा वाहून आनल्या ह्या चपला. ह्यांना बाप नाय, असं सांगतस काय लोकांना?"

तोवर बऱ्याच मुलांनी भीतीने चपला काढल्या होत्या. मावशी रांगेतून वाकत वाकत गेली आणि एकेकाच्या पायात त्या परत घातल्या. कुणी तिला अडवलं नाही. मदतही कुणी केली नाही, मीही नाही.

पाहुणे बूट देऊन गेले. चार दिवसांनी संस्थेकडून तक्रार आली. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे अहवाल मागितला. मी लिहिलं, "पाहुण्यांशी उद्धट वर्तन." रोजंदारीवरच्या बाईला काढायला तेवढं पुरतं.

मोखाड्याच्या स्टँडवर ती पोशेरा गावाला जाणाऱ्या जीपमध्ये बसलेली दिसली, मांडीवर गाठोडं. मी खिडकीशी गेले. "मावशी, माझा इलाज नव्हता."

"लिवनारा हात तर तुजाच व्हता, बाय," ती म्हणाली. रागाने नाही. भाजीत मीठ कमी पडलंय असं सांगावं, तसं. जीप भरली आणि गेली.

पुढे त्या दुसऱ्या जोडाचं खोकं मी मोबाइलवर पाहिलं. वर आमच्या तिसरीतली सुमन. मावशी तिच्यापर्यंत पोचायच्या आत कॅमेरा पोचला होता. पाय उघडे, हात पाठीमागे. त्या हातांत बापाने आणलेल्या चपला आहेत. विकत घेणाऱ्याला ते कधी कळणार नाही. जोड म्हणे काही मिनिटांत संपले.

मी त्याच दिवशी वरच्या कार्यालयाला लिहून दिलं की माझा अहवाल खोटा होता. उत्तर आलं नाही. पुन्हा लिहिलं, अजून लिहिते. आणि आता कुणी मदत घेऊन आलं, की परवानगीच्या कागदावर पहिलं वाक्य मी स्वतः घालते: मुलं आहेत तशीच उभी राहतील. दोघे जण ते वाचून आल्या पावली परत गेले. मी त्यांना चहाही विचारला नाही.