दुपारच्या फेरीतली नळी

अमरावतीच्या आमच्या लॅबमध्ये नवीन मशीन आलं, तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला होता. मी तिथली पॅथॉलॉजिस्ट. अकोल्यात शिकत होते तेव्हापासून सूक्ष्मदर्शकात डोळे घालून पेशी मोजत आले. आता रक्ताच्या नळ्या पट्ट्यावरून आपोआप सरकणार होत्या आणि कोणती नळी कधी लावायची ते कॉम्प्युटर ठरवणार होता. मशीनवर माझा राग नव्हता, आजही नाही. राग आहे तो त्याला क्रम शिकवणाऱ्या माणसांवर.

तो क्रम मालकांनी आणि व्यवस्थापकाने लावला. शहरातल्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांची वार्षिक तपासणी आधी, कारण त्यांना जेवणाच्या सुट्टीपूर्वी रिपोर्ट द्यायचा शब्द दिलेला. दर्यापूर, परतवाडा, अकोटहून जीपने येणाऱ्या नळ्या दुपारच्या फेरीत. म्हणजे धडधाकट माणसांचं कोलेस्टेरॉल आधी आणि तापाने फणफणलेल्यांचं रक्त मागून. गंभीर पेशंट असला तर काय, असं मी बैठकीत विचारलं होतं. त्याची सोय पुढच्या टप्प्यात करू, असं उत्तर मिळालं.

डेंग्यूची साथ मात्र कोणत्याही टप्प्यासाठी थांबली नाही.

एका सकाळी मी पायऱ्या उतरत होते, तर बाकावरचा एक माणूस उठून उभा राहिला. दर्यापूरकडचा, झेंडूची शेती करणारा. त्याची बायको तिथल्या लहान दवाखान्यात भरती होती. तिथलं रक्त तपासायचं मशीन बंद पडलेलं, म्हणून डॉक्टरांनी नळी घेऊन त्यालाच इकडे धाडलं होतं. काउंटरवर त्याला सांगितलं गेलं होतं की नळी बाहेरगावची, दुपारच्या फेरीत लागेल आणि रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर येईल.

"मॅडम, मी कवाचा बसून राहिलो," तो म्हणाला. "तिच्या हिरड्यांतून रक्त येऊन राहिलं. रिपोर्ट कावून नाही देत मले?"

मी आत गेले. त्याच्या बायकोची नळी स्टँडमध्ये उभी होती आणि शेजारी मशीनवर कुठल्याशा कंपनीच्या नळ्या ओळीने सरकत होत्या. मी व्यवस्थापकाला सांगितलं, ही आधी लावा. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, मधे हात घातला की सगळं वेळापत्रक कोलमडतं."

मी त्याच्याशी वाद घातला नाही. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवरचं कापड काढलं आणि नळी स्वतः लावली. प्लेटलेट्स इतक्या कमी होत्या की काचेवर रक्त पसरून पुन्हा खात्री केली. मग दर्यापूरच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी लगेच तिला अँब्युलन्समधून अमरावतीला हलवलं. तोवर तिच्या नवऱ्याला मी रक्तपेढीकडे पाठवलं होतं.

ती वाचली. पण दुसऱ्या दिवशी माझ्याकडे खुलासा मागण्यात आला: नमुना प्रणालीबाहेर का हाताळला?

आमच्याकडचा कोणताही रिपोर्ट माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. मी आजाऱ्यांच्या रिपोर्टवर सह्या केल्या आणि कंपन्यांचे सगळे रिपोर्ट तसेच ठेवले. क्रम बदलल्याशिवाय यांवर सही होणार नाही, असं मालकांना कळवलं. कंपन्यांचे फोन सुरू झाले तसे मालक स्वतः आले. जी सोय पुढच्या टप्प्यात होणार होती, ती त्याच संध्याकाळी झाली. दवाखान्यात भरती असलेल्या पेशंटची नळी, कुठूनही आलेली असो, आता सर्वांत आधी लागते.

जाता जाता मालक म्हणाले, "एवढं चिडण्यासारखं काय होतं, मॅडम? बाई वाचली ना?"

मी त्यांना विचारलं, की आजवर दुपारच्या फेरीत थांबलेल्या बाकीच्या पेशंटचं पुढे काय झालं, ते कुणी पाहिलं का. त्यांनी व्यवस्थापकाकडे बघितलं. कुणीही पाहिलं नव्हतं.